यंत्र कोणाचे? नव्या वर्षातील अभ्यासासाठी काही पुस्तके



नवे वर्ष सुरू झाले की संकल्पांना तोटा नसतो. मोर्चे, मेळावे, सभासद-नोंदणी, निवडणुका यांचे वेळापत्रक प्रत्येक कार्यकर्त्याच्या दैनंदिनीत असते. वाचनाचे वेळापत्रक मात्र क्वचितच आढळते. 'कामाच्या रगाड्यात वाचायला सवड कुठली?' हे त्यावरचे ठरलेले उत्तर. वस्तुतः या देशातील समाजवादी चळवळीने अभ्यास आणि काम यांच्यात कधी भिंत घातली नव्हती. शिबिरात सकाळी श्रमदान आणि दुपारी बौद्धिक, हा क्रम ज्यांनी घालून दिला त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : ज्याला प्रश्न नीट मांडता येत नाही, त्याला लढाही नीट मांडता येत नाही.

आज ही उणीव विशेष जाणवावी असे कारण घडले आहे. कारखाना असो, बँक असो, वर्तमानपत्राची कचेरी असो की उसाचा फड असो, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येते : 'नवे तंत्र आले आहे, आता असे होणारच.' माणसे कमी होणार, तास वाढणार, कायम नोकरी जाऊन कंत्राट येणार. आणि या सगळ्याला जबाबदार कोण, तर यंत्र! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात तर हे वाक्य भविष्यवाणीच्या थाटात उच्चारले जाते. पूर्वी दारिद्र्याचे खापर नशिबावर फोडले जाई. आता नशिबाच्या जागी तंत्रज्ञानाची स्थापना झाली आहे. नशिबाशी भांडता येत नाही, तसे तंत्रज्ञानाशीही भांडता येत नाही, ही समजूत कामगाराच्या मनात एकदा रुजली की मालकाचे निम्मे काम फत्ते होते. ही समजूत घोषणांनी मोडत नाही. इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या डोळस वाचनानेच ती मोडते. म्हणूनच तंत्रज्ञान, अर्थकारण आणि समाज यांचे परस्परसंबंध उलगडणारी पुस्तके या वर्षाच्या वाचनात अग्रभागी असावीत.

पुस्तके पुष्कळ आहेत. वाचकाजवळ प्रश्न नसतील तर ती सारी डोक्यावरून जातात. तेव्हा पुस्तक उघडण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी बांधून ठेवावेत. पहिला, यंत्र कोणाच्या मालकीचे? दुसरा, यंत्रामुळे वाचलेले श्रम आणि वाढलेले उत्पन्न कोणाच्या पदरात पडले? आणि तिसरा, यंत्र कसे व केव्हा आणायचे हे ठरविताना ज्याच्या हातचे काम जाणार होते त्याला कोणी विचारले होते काय?

यंत्र फोडणारे कोण होते?

आरंभ ई. पी. थॉम्प्सन यांच्या 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास' या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने करावा. ग्रंथ जाडजूड आहे. परंतु त्याचा जन्म विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यात झालेला नाही. थॉम्प्सन उत्तर इंग्लंडमध्ये प्रौढ शिक्षणाचे वर्ग घेत असत, आणि त्या वर्गांत जमणाऱ्या श्रमिकांच्या सहवासात हा इतिहास आकाराला आला. कामगारवर्ग ही कारखान्याने घडविलेली निर्जीव वस्तू नव्हे. तो आपल्या अनुभवातून, संघटनेतून आणि लढ्यांतून स्वतःला घडवितो, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे.

'लुडाईट' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. प्रगतीला घाबरणारा, यंत्र दिसले की हातोडा उचलणारा अडाणी, असा त्याचा अर्थ रूढ करण्यात आला आहे. थॉम्प्सन यांनी उभे केलेले चित्र अगदी निराळे आहे. १८११-१२ साली नॉटिंगहॅमशायरच्या मोजे विणणाऱ्या कारागिरांनी जे साचे फोडले ते सरसकट सगळे नव्हेत, आणि ते साचे नवेही नव्हते. हलका माल काढून मजुरी पाडणाऱ्या, उमेदवारीचे जुने नियम मोडून अर्धशिक्षित पोरांकडून काम करून घेणाऱ्या मालकांचे साचे निवडून फोडले गेले. भांडण लाकूड-लोखंडाशी नव्हते. त्या साच्यांच्या आडून मोडल्या जाणाऱ्या मजुरीच्या दराशी आणि कामाच्या प्रतिष्ठेशी होते. सरकारने उत्तर काय दिले? साचा फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा १८१२ साली केला. सरदारांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलायला उभा राहिला तो कवी बायरन, आणि सभागृहातील त्याचे ते पहिलेच भाषण होते. यंत्र आपोआप येते आणि आपोआप रुजते, असे म्हणणाऱ्याला एवढेच विचारावे : आपोआप रुजणाऱ्या गोष्टीला फाशीचा दोर कशाला लागतो?

गिरणगावाचा धडा

इंग्लंडचा हा इतिहास वाचून झाला की मुंबईकडे वळावे. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या शतकभरात कोकण, घाट आणि देश यांमधून आलेल्या माणसांनी गिरणगाव वसविले. या गिरणगावाच्या अभ्यासासाठी दोन पुस्तके एकत्र घ्यावीत. राजनारायण चंदावरकर यांचे 'द ओरिजिन्स ऑफ इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम इन इंडिया' (१९९४) हे कागदपत्रांच्या आधारे लिहिलेले आहे. तर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात स्वतः गिरणी कामगारांच्या, त्यांच्या बायकांच्या, शाहिरांच्या आणि पुढाऱ्यांच्या तोंडून आलेला इतिहास आहे. दुसरे पुस्तक मराठीतही आले आहे, तेव्हा भाषेची सबब उरत नाही.

१९२८ सालचा संप या दृष्टीने पुन्हा अभ्यासावा. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. संपाच्या मुळाशी 'कार्यक्षमता' हा गोंडस शब्द होता. विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी ती कार्यक्षमता! साचा तोच, वेग तोच. बदलला तो फक्त माणसावरचा बोजा, आणि ज्यांची गरज उरली नाही ते रस्त्यावर. 'शास्त्रशुद्ध' म्हणून जे कामगाराच्या गळ्यात मारले जाते, त्यात शास्त्र किती आणि नफा किती, हे तपासण्याची सवय या एका प्रकरणातून लागू शकेल.

परंतु याच संपाच्या इतिहासात आणखी एक पान आहे आणि ते चळवळीतल्या माणसाने डोळे मिटून उलटू नये. विणकाम खात्यात पगार अधिक असे. पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे की, कांडी संपल्यावर धोट्याच्या भोकातून नवे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ दिसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न त्या काळीच उघडपणे उपस्थित केला. यंत्र आले म्हणजे जात आपोआप विरघळेल, असे मानणाऱ्यांना हा धोटा पुरेसे उत्तर देतो. मँचेस्टरच्या धर्तीचे यंत्र परळ-लालबागेत आले, आणि जातीने त्या यंत्रातही आपली जागा शोधून काढली. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या निबंधात आंबेडकरांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था केवळ श्रमाची विभागणी करीत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते. कामगारांच्या एकजुटीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वर्षातून एकदा तरी वाचावा.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाची कथाही अशीच नीट वाचायला हवी. सुमारे अडीच लाख कामगार या संपात उतरले. संप मोडला आणि 'जुनाट गिरण्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या' असा निष्कर्ष सर्रास काढण्यात आला. काळाच्या ओघाने खरोखर काय केले? कापडाचे उत्पादन थांबले नाही. ते भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे गेले. त्या यंत्रमागांत गिरण्यांनी टाकून दिलेले जुने मागही होते. म्हणजे नव्या यंत्राने जुन्या यंत्राला हरविले असे घडलेच नाही. ज्या शेडमध्ये बारा तासांची पाळी चालते, हजेरीपट नसतो आणि कामगार कायदा उंबऱ्याबाहेरच अडतो, त्या शेडने गिरणीला हरविले. याला तंत्रज्ञानाची प्रगती म्हणणे ही निव्वळ दिशाभूल आहे.

आणि गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? हे समजण्यासाठी कार्ल पोलान्यी यांचा 'द ग्रेट ट्रान्स्फॉर्मेशन' (१९४४) हा ग्रंथ हाताशी असावा. पोलान्यी यांनीही इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून राहताना कामगारांचे शिक्षणवर्ग घेतले होते, हा केवळ योगायोग नव्हे. जमीन, श्रम आणि पैसा या बाजारात विकण्यासाठी निर्माण केलेल्या वस्तू नव्हेत. जमीन म्हणजे निसर्ग, श्रम म्हणजे माणसाचे जगणे. त्यांना निव्वळ विक्रीचा माल ठरविले की समाज उद्ध्वस्त होऊ लागतो आणि मग स्वतःच्या रक्षणासाठी त्याला उभे राहावे लागते, असे पोलान्यी सांगतात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागांसाठी व घरांसाठी देण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ती पातळ केली गेली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पोलान्यींचे प्रतिपादन ज्याला अवघड वाटेल, त्याने लोअर परळच्या पुलावर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहावे.

तासांचा हिशेब

दुसरा प्रश्न होता वाचलेल्या श्रमाचा. यंत्राने एका तासाचे काम दहा मिनिटांत होत असेल, तर उरलेली पन्नास मिनिटे कोणाची? मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड १८६७ साली प्रसिद्ध झाला. तो संपूर्ण वाचणे ज्यांना शक्य नाही त्यांनी त्यातील दोनच प्रकरणे घ्यावीत : एक कामाच्या दिवसाविषयीचे आणि दुसरे यंत्रसामग्रीविषयीचे. कामाचे श्रम हलके करण्याची शक्ती असलेले यंत्र भांडवलाच्या हाती गेल्यावर कामाचा दिवस लांबविण्याचे साधन कसे बनते, हे तेथे कारखाना-निरीक्षकांच्या अहवालांसह मांडलेले आहे.

हा हिशेब महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून आठवड्याची सुटी मिळविली, ती १८९० च्या जूनमध्ये. आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली ती १९४६ साली, आंबेडकरांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात. यांतील एकही तास यंत्राने दिलेला नाही. प्रत्येक तास माणसांनी मागून, भांडून मिळविलेला आहे. आणि आता? २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जादा वेळेचा मोबदला आणि कामगाराची संमती या अटी सोबत आहेत, हे खरे. पण ज्याची नोकरी कंत्राटदाराच्या मर्जीवर टिकते त्याच्या संमतीचे मोल किती, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. यंत्रे कधी नव्हती इतकी वेगवान झाली असताना दिवस लांबविण्याची भाषा होते, यातच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

खिशातला मुकादम

तिसऱ्या प्रश्नासाठी हॅरी ब्रेव्हरमन यांचे 'लेबर अँड मोनोपॉली कॅपिटल' (१९७४) हे पुस्तक अपरिहार्य आहे. ब्रेव्हरमन तांबटकाम शिकलेले, गोदीत राबलेले गृहस्थ. हातातील कसब कसे काढून घेतले जाते, हे त्यांनी अनुभवले होते. फ्रेडरिक टेलर याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कारखान्याच्या व्यवस्थापनाचे जे 'शास्त्र' सांगितले, त्याचा गाभा ब्रेव्हरमन उघडा करतात : विचार करण्याचे काम वरच्या कचेरीत न्यायचे आणि खाली केवळ हात उरवायचे. कामाची सगळी माहिती एकदा मालकाच्या वहीत गेली की कारागीर कोणीही असला तरी चालतो. आणि कोणीही चालतो म्हणून त्याला स्वस्तात ठेवता येते.

हे पुस्तक वाचून झाल्यावर शहराच्या रस्त्यावर पाठीवर पेटी घेऊन दुचाकीवरून जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाकडे पाहावे. गिरणीत त्याच्या आजोबांवर जॉबर होता, मुकादम होता. त्याचे नाव-गाव ठाऊक होते, आणि प्रसंगी त्याला घेरावही घालता येई. नातवाचा मुकादम खिशातल्या फोनमध्ये आहे. कोणते काम मिळेल, किती पैसे मिळतील, ग्राहकाने कमी गुण दिले तर उद्या काम मिळेल की नाही, हे सारे तो मुकादम ठरवितो आणि कशाच्या आधारे ठरविले ते सांगत नाही. या तरुणाला कामगार म्हणत नाहीत. त्याला 'भागीदार' म्हणतात. भागीदार खरा, पण त्याच्या वाट्याला येते ते पेट्रोलच्या खर्चातले, अपघातातले आणि पावसातले भागीदारपण, नफ्यातले नव्हे.

नीती आयोगाच्या २०२२ सालच्या अहवालाने अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख असल्याचे म्हटले आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला. राजस्थानने २०२३ साली त्यांच्या नोंदणीचा व कल्याणाचा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. म्हणजे फोनमधल्या मुकादमालाही कायद्याच्या चौकटीत आणता येते. ते आणले जात नाही, कारण मागणी करणारी संघटना अद्याप अपुरी आहे.

गांधी, आंबेडकर, लोहिया

यंत्राविषयीचा सर्वांत मूलगामी वाद परदेशी ग्रंथांत शोधायला नको. तो याच देशात झाला आहे. गांधीजींनी १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिले. त्यातील यंत्रविरोध वाचून अनेकजण पुस्तक मिटून ठेवतात. त्यांनी १९२४ सालचे गांधीजींचे स्पष्टीकरणही सोबत वाचावे. विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या हव्यासाला आहे. लाखोंना उपाशी ठेवून मूठभरांच्या हाती संपत्ती गोळा करणाऱ्या योजनेला आहे, असे त्यांनी सांगितले आणि शिवणयंत्राला आपल्या विरोधातून वगळले.

त्याच्या शेजारी आंबेडकरांचे १९४५ सालचे, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झाडाझडती घेणारे पुस्तक ठेवावे. त्यातील गांधीवादावरील प्रकरणात आंबेडकर यंत्राची बाजू ठामपणे घेतात. माणसाला पशूच्या पातळीवरील कष्टांतून सोडवून विचारासाठी आणि संस्कृतीसाठी फुरसत देणारे साधन यंत्रच आहे. दोष यंत्राचा नसून त्याचे फळ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची सक्ती ज्या समाजावर पिढ्यानपिढ्या झाली, त्याच्या दृष्टीने यंत्राचा अर्थ काय होतो, हे समजून न घेता यंत्रविरोधाची भाषा करणे हा सुखवस्तू माणसाचा छंद ठरतो. उलट, ज्याच्या हातचे एकमेव काम यंत्र हिसकावून घेणार आहे त्याला प्रगतीची प्रवचने ऐकविणे हीही तितकीच निष्ठुरता आहे. या दोन पुस्तकांपैकी एकच निवडण्याची घाई करू नये; दोन्ही समोरासमोर ठेवून वाचावीत.

राममनोहर लोहियांनी या पेचातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. 'मार्क्स, गांधी अँड सोशलिझम' (१९६३) या त्यांच्या लेखसंग्रहात, विशेषतः १९४३ सालच्या 'इकॉनॉमिक्स आफ्टर मार्क्स' या निबंधात, त्यांनी एक मूलभूत आक्षेप घेतला : युरोपातील भांडवलशाही आणि साम्राज्यशाही ही जुळी भावंडे आहेत, तेथील यंत्रसामग्रीचा डोलारा वसाहतींच्या श्रमावर उभा राहिला. ज्यांना वसाहती नाहीत आणि ज्यांची लोकसंख्या अफाट आहे, त्यांनी त्याच आकाराच्या यंत्रांची नक्कल केली तर मूठभर बेटे चकाकतील आणि बाकीचा देश अंधारात राहील. म्हणून वीज किंवा तेलावर चालणारे, थोड्या भांडवलात उभे राहणारे आणि गावागावांत पोहोचणारे लहान यंत्र त्यांनी सुचविले. या सूचनेचा तपशील आज वादग्रस्त वाटू शकेल. परंतु यंत्राचा आकार आणि त्याची दिशा हा लोकांनी ठरविण्याचा विषय आहे, हा तिच्यातील गाभा जराही शिळा झालेला नाही.

सहकाराच्या फाटकाबाहेर

मालकी बदलली की सारे प्रश्न सुटतात काय? समाजवाद्यांनी स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या साखर कारखानदारीत मिळते. धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ आजही पायाभूत मानला जातो. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले. १९५० साली तेथे गाळप सुरू झाले आणि शेतकरी यंत्राचा मालक झाला. ही घटना खरोखर ऐतिहासिक होती.

पण ऊस तोडणारा त्या मालकीत कोठे होता? बीडसारख्या जिल्ह्यांतून बिऱ्हाड बैलगाडीत घालून येणारी कुटुंबे सभासदांच्या यादीत कधीच नव्हती. मुकादमाची उचल घेऊन सहा-सहा महिने फडावर राबणारे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो; म्हणजे हिशेबात बाईचे स्वतंत्र अस्तित्वच नाही. आता त्या फडात ऊसतोडणीचे यंत्र, हार्वेस्टर, उतरू लागले आहे आणि त्याच्या खरेदीला सरकारी अनुदानही मिळाले आहे. कंबर मोडणारे हे काम यंत्राने करू नये, असे कोण म्हणेल? परंतु अनुदान कोणाच्या नावावर जाते? कोयता खाली ठेवणाऱ्या कुटुंबाला दुसरे काम कोठे मिळणार? तोडणी कामगारांची सहकारी संस्था त्या यंत्राची मालक का होऊ शकत नाही? आरंभीचे तिन्ही प्रश्न येथे एकाच फडात उभे आहेत.

या संदर्भात जोतीराव फुले यांचा १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा उघडावा. सरकारी अंमलदार, सावकार आणि भटशाही यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याचे चित्र बहुतेकांना आठवते. परंतु त्याच पुस्तकात बांधबंदिस्ती, तळी-धरणे, मेंढरांची सुधारित पैदास, शेतीची प्रदर्शने यांचाही आग्रह आहे, हे विसरले जाते. सुधारित तंत्र हवे. पण ते वापरणाऱ्याला विद्या हवी आणि त्याच्या मानेवर बसलेले जोखड आधी उतरायला हवे, ही त्यांची भूमिका. तंत्रज्ञान आणि समाजरचना यांचा एकत्र विचार करणारे याहून आधीचे मराठी पुस्तक सापडणे कठीण.

एक नवे पुस्तक

अलीकडील ग्रंथांपैकी डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांचा 'पॉवर अँड प्रोग्रेस' (२०२३) अवश्य वाचावा. या दोघांना जेम्स रॉबिन्सन यांच्यासह २०२४ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हजार वर्षांच्या तंत्रज्ञानाचा आढावा घेऊन ते सांगतात की, शोध लागले म्हणजे सर्वांचे भले होते हा समज इतिहासाला धरून नाही. मध्ययुगीन युरोपात पाणचक्क्या आल्या, पण वाढीव उत्पन्न सरदार आणि धर्मपीठांकडे गेले. औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या कित्येक दशकांत इंग्लंडमधील कामगाराची खरी मजुरी फारशी हलली नाही. फळे खाली पोहोचली ती कामगार संघटना, मताधिकार आणि कायदे यांचा दाब निर्माण झाल्यानंतर. यंत्राने माणसाला हटवावे की माणसाच्या हाताला बळ द्यावे, ही निवड असते आणि ती निवड सत्ता ज्याच्या हाती असते तो करतो, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

लेखकद्वय समाजवादी नाही. उत्पादनसाधनांची मालकी बदलण्याची मागणी ते करीत नाहीत. कर, कायदे आणि संघटना यांनी समतोल साधेल अशी त्यांची अपेक्षा दिसते. त्या मर्यादेवर टीका जरूर करावी. पण प्रस्थापित अर्थशास्त्राच्या अग्रभागी असलेले अभ्यासक, जे विणकर आणि गिरणी कामगार आपल्या अनुभवाने सांगत आले, तेच आता आकडेवारीने मांडीत आहेत, याचे महत्त्व ओळखावे.

वाचावे कसे?

ही यादी पाहून कोणी घाबरून जाऊ नये. बारा महिन्यांत सहा पुस्तके, म्हणजे दोन महिन्यांस एक, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. प्रत्येक शाखेत आठ-दहा जणांचे मंडळ असावे. इंग्रजी ज्याला येते त्याने एक प्रकरण वाचून त्याचा मराठी सारांश करावा, आणि तो दोन पानांच्या वर जाऊ नये. तो सारांश शाखेतच न ठेवता यंत्रमागाच्या शेडमध्ये, रिक्षाथांब्यावर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर वाचला जावा, आणि ऐकणाऱ्याने 'आमच्याकडे असे नाही, असे आहे' म्हणून जी दुरुस्ती सांगितली तीही टिपून ठेवावी. या मंडळांत स्त्रियांनी केवळ श्रोत्या म्हणून बसू नये. कोयत्याच्या हिशेबातून ज्यांना वगळले त्यांनीच तो हिशेब तपासायला हवा.

आणखी एक पथ्य पाळावे. पुस्तकाच्या जोडीने प्रत्येक वेळी एक साधा कागद वाचावा : कधी कंत्राटी कामगाराची पगारचिठ्ठी, कधी फोनवरच्या कंपनीने 'मान्य आहे' म्हणून दाबायला लावलेल्या अटी, कधी मुकादमाने लिहून घेतलेला करार, कधी जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक. ग्रंथातला सिद्धांत आणि हातातला कागद एकमेकांना भिडले की अभ्यास सुरू झाला असे समजावे. ग्रंथच वाचणारा पोपटपंची करतो, आणि कागदच वाचणारा तक्रारीच्या पलीकडे जात नाही.

'नवे तंत्र आले आहे, आता असे होणारच' असे उद्या कोणी कामगारांच्या सभेत सांगेल, तेव्हा तेथील कार्यकर्त्याला शांतपणे उठून विचारता आले पाहिजे : यंत्र कोणाचे? वाचलेले तास कोणाचे? आणि हे ठरविले तेव्हा कामगार कोठे होता? सभेतील माणसे एवढे तीन प्रश्न स्वतःहून विचारू लागली, तर वर्षभराचे वाचन कारणी लागले असे खुशाल म्हणावे.